परतीचा चढ

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, योसेमिती राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला मारिपोसा नावाची डोंगराळ काउंटी आहे. तिथून त्या सकाळी एक कुटुंब डोंगरात फिरायला निघालं. आई, वडील, एक वर्षाची मुलगी आणि आठ वर्षांचा कुत्रा. चौघांपैकी कुणीच परत आलं नाही. दोन महिने तपास चालला, नाना तर्क झाले आणि शेवटी कारण सापडलं ते ऊन.

रायपूरकरांना उन्हाचं नवल नाही. नौतप्यात दुपारी बाराला जयस्तंभ चौक कसा ओस पडतो, लू लागते म्हणजे काय होतं, घरातून निघताना खिशात कांदा का ठेवतात, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. तरीही ही हकीकत आपण नीट, तासातासानं वाचायला हवी. त्या कुटुंबाला भर दुपारी डोंगरात जायचं नव्हतंच. ते सकाळी आठला, छान गारव्यात निघाले होते.

शनिवार, १४ ऑगस्ट. बेत

वडील पंचेचाळिशीचे, संगणक अभियंता. आई तिशीतली. कोविडच्या काळात सॅन फ्रान्सिस्को सोडून मोकळ्या हवेसाठी ते मारिपोसात राहायला आले होते. डोंगरात फिरायची दोघांनाही आवड.

आदल्या दिवशी मोबाइलवरच्या एका ॲपवर वाट पाहून ठेवली होती. गोल फेरी, सुमारे ८.५ मैल, म्हणजे पावणेचौदा किलोमीटर. हाइट्स कोव्ह रस्त्यानं मर्सिड नदीच्या दक्षिण फाट्यापर्यंत उतरायचं, काही अंतर नदीकाठानं चालायचं आणि सॅव्हेज-लंडी नावाच्या पायवाटेनं चढून पुन्हा गाडीपाशी यायचं.

नकाशावर अंतर कळतं, चढ कळतो. सावली कळत नाही. या भागात २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये फर्ग्युसन वणवा पेटला होता आणि त्यात सुमारे ९७ हजार एकर जंगल होरपळलं. सॅव्हेज-लंडीच्या उतारावर एके काळी झाडं होती. तीन वर्षांनी तिथे काळे बुंधे आणि खुरटी झुडपं एवढंच उरलं होतं.

सकाळी ७:४५. गाडी निघते

कुटुंबाची गाडी पायवाटेच्या तोंडाकडे जाताना दिसल्याचं तपासात पुढे आलं. सोबत पाण्याची एक पिशवी होती, पाठीवरच्या सॅकमध्ये बसणारी, ८५ औंसांची. म्हणजे अडीच लिटर. बाळासाठी दुधाची बाटली. नदीचं पाणी गाळून पिण्याचं साधन सामानात नव्हतं.

अडीच लिटर पाणी ऐकायला पुरेसं वाटतं. पण उन्हात चढ चढणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, कधी त्याहूनही जास्त. दोन माणसांना हे पाणी तासा-सव्वातासापुरतं होतं. बाळ आणि कुत्रा त्याखेरीज.

या घडीला सगळं हातात होतं. फेरी रद्द करता येत होती, पाणी वाढवता येत होतं, कुत्र्याला घरी ठेवता येत होतं.

सकाळी ८. उतार

वाटेच्या तोंडाशी समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास ११८० मीटर. तापमान २३ ते २४ अंश. रायपूरला अशी हवा हिवाळ्यात असते. बाळ पाठीवरच्या झोळीत, कुत्रा सोबत. साडेतीन किलोमीटरचा उतार आणि खाली नदी, ५९० मीटरवर.

त्या दिवसाचा घात या उतारात दडला होता. सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्यांचं अंग एका सवयीत घडलेलं असतं. आधी चढ, मग उतार. दमलो, ऊन वाढलं, तर मागे फिरायचं. मागे फिरलं की उतरणंच असतं आणि प्रत्येक पावलाला घर सोपं होत जातं. दरीत हे गणित उलटं होतं. भंडारदऱ्याजवळच्या साम्रदची सांदण दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे कळेल. उतरताना अंग ताजं असतं, ऊन कोवळं असतं, आपण किती खर्च करतो आहोत ते जाणवत नाही. दिवसातली सगळ्यांत कठीण मेहनत आपण आपल्याच हातानं दिवसातल्या सगळ्यांत वाईट तासावर ढकललेली असते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये वनरक्षक हेच पर्यटकांना परोपरीनं सांगतात आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चढावर असू नका म्हणून बजावतात.

खाली उतरताना हवाही बदलते. उंची कमी होते तशी ती तापत जाते. हे कुटुंब एकाच वेळी दोन्हीकडून उन्हात शिरत होतं. घड्याळ दुपारकडे सरकत होतं आणि वाट तापलेल्या खोऱ्याकडे.

सकाळी १० च्या सुमारास. नदीकाठ

नदीला समांतर तीन किलोमीटर वाट. तपास अधिकाऱ्यांनी पुढे याच वाटेवर तापमान मोजलं आणि इथला त्या वेळचा पारा ३३ ते ३७ अंशांत धरला.

माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की उलट हवाच अंगाला तापवू लागते आणि घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. घामाला पाणी लागतं. म्हणजे या टप्प्यापासून पाण्याचा खर्च आणखी वेगानं होणार आणि चढ अजून सुरूही झालेला नाही.

कुत्र्याला तर घामाचाही आधार नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत, त्यांनी अंग गार होत नाही. तो धापा टाकतो. जीभ, तोंड, श्वासमार्ग यांच्यावरची ओल वाळते, तेवढाच त्याचा गारवा. धापा टाकणं हेदेखील स्नायूंचं काम, त्यातूनही उष्णता निघते. मारिपोसाचा हा कुत्रा ऑस्ट्रेलियन शेपर्ड आणि अकिता यांचा संकर होता. दोन्ही जाती दुहेरी केसांच्या, आत दाट लव आणि वर बाहेरचे केस. अकिता तर जपानच्या बर्फाळ उत्तरेतली.

आणखी एक गोष्ट उंचीची. हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतल्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर मोजलेलं असतं. कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभर-हातभर वर. तापलेल्या मातीची झळ त्याला आपल्या आधी आणि आपल्याहून जास्त लागते. आपण ज्या उन्हात फिरतो त्यापेक्षा तो वेगळ्याच उन्हात फिरत असतो.

कुत्रा थांबत मात्र नाही. सह्याद्रीत कुठल्याही किल्ल्यावर गावातली कुत्री आपल्यामागे माथ्यापर्यंत येतात, कुणी बोलावलेलं नसतं. माणसाची सोबत असेपर्यंत तो चालत राहतो. नको म्हणण्याची भाषा त्याच्याकडे एकच आहे, मागे रेंगाळणं. आणि मागे रेंगाळलेल्या कुत्र्याला आपण काय करतो? चुचकारून पुढे बोलावतो.

मागे फिरण्याची शेवटची खरी संधी इथे होती. तीसुद्धा पूर्ण सुखरूप नव्हे, कारण आलेल्या वाटेनंही आता चढायचंच होतं. पण नदी हाताशी होती. पाण्यात बसून, झाडाखाली थांबून, संध्याकाळपर्यंत दिवस काढता आला असता. उन्हात अडकलेल्या माणसाला चालणं सुटकेचं वाटतं, थांबणं हार मानल्यासारखं. त्या वेळी थांबणं हीच सुटका असते.

सकाळी ११ नंतर. चढ

सॅव्हेज-लंडी पायवाट वळणं घेत उभी चढते. उताराचं तोंड दक्षिण-आग्नेयेला. उत्तर गोलार्धात अशा उतारावर सकाळपासूनच ऊन थेट पडतं. तिथली माती आणि दगड दुपार होण्याआधीच भाजून निघालेले असतात. शेरीफ कार्यालयाच्या अहवालानुसार या वाटेवर सावली जवळजवळ नव्हतीच.

चढावर शरीराला दोन कामं एकदम करावी लागतात. पायांच्या स्नायूंना रक्त द्यायचं आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही रक्त द्यायचं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दोन्हीकडे पुरत नाही. हृदय धावतं, डोकं दुखतं, मळमळतं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की मेंदूचं काम बिघडू लागतं. हा उष्माघात. याच्यातली भयंकर गोष्ट अशी की ज्या बुद्धीनं थांबायचं ठरवायचं, तीच आधी धूसर होते.

पाठीवरचं बाळ चालत नसतं म्हणून ते निवांत आहे असं वाटतं. वजनाच्या मानानं लहान मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून तापलेल्या हवेत ते मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. घामही कमी येतो. त्यात मोठ्या माणसाच्या तापलेल्या अंगाला चिकटून बसलेलं. तहान लागली हे सांगायला त्याच्याकडे रडण्यापलीकडे शब्द नाही आणि पुढे रडण्याचंही बळ राहत नाही.

११:५६. निरोप

आईवडिलांपैकी एकानं फोनवरून एक निरोप पाठवला. मदत मागितली होती. आपण सॅव्हेज-लंडी वाटेवर आहोत, हाइट्स कोव्हच्या वाटेकडे परत चाललो आहोत, पाणी संपलं आहे, बाळाला घेऊन उन्हानं बेजार झालो आहोत, अशा अर्थाचा.

त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. निरोप फोनमध्येच राहिला.

इथे घड्याळाची एक बाब ध्यानात घ्या. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे मारिपोसात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. रायपूरला तो बारा-सव्वाबाराला येतो. म्हणजे ११:५६ चा तो निरोप आपल्या सूर्याच्या हिशेबानं सकाळच्या अकराचा. दिवसाची खरी आग पुढेच होती आणि त्या कुटुंबाचं पाणी संपलं होतं.

१२:०९ ते १२:३६. पाच फोन

१२:०९ ला पहिला फोन लावलेला. मग १२:२५. मग १२:३५ आणि १२:३६ या दोन मिनिटांत एकापाठोपाठ तीन. पाचांतला एकही लागला नाही. ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केल्याची नोंद नाही. शेवटचे तीन फोन इतक्या घाईनं लावलेले आहेत की ते वाचतानाही घसा कोरडा पडतो.

डोंगरात रेंज असेल हे गृहीत धरून आखलेला बेत अर्धाच बेत असतो. आपण कुठे गेलो, कोणत्या वाटेनं, किती वाजेपर्यंत परतणार आणि परतलो नाही तर कुणी कुणाला कळवायचं, हे निघण्याआधी एका माणसाला सांगून ठेवणं हाच रेंज नसलेल्या जागेतला फोन.

दुपारी १२:५० ते २:५०

तपासातल्या मोजमापाप्रमाणे या दोन तासांत त्या वाटेवरचा पारा १०७ ते १०९ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४२ अंशांवर होता.

या काळात काय घडलं ते कोणत्याही फोनमध्ये नाही. चौघे ज्या जागी सापडले ती जागा गाडीपासून १.६ मैलांवर होती. अडीच किलोमीटर. बहुतेक फेरी पूर्ण झाली होती. वडील बसलेल्या स्थितीत, त्यांच्याजवळ बाळ आणि कुत्रा. आई थोडी वर, चढावर. ती मदत आणायला पुढे निघाली असावी असं पुष्कळांना वाटलं. मलाही तसंच वाटतं. गाडीकडे जाणारी वाट तीच होती.

सोमवार, १६ ऑगस्ट ते मंगळवार, १७ ऑगस्ट. शोध

बाळाला सांभाळणारी बाई सोमवारी घरी आली तर घरात कुणी नव्हतं. रात्री अकराच्या सुमारास ते बेपत्ता असल्याची खबर शेरीफ कार्यालयाला मिळाली. मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास गाडी सापडली. मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास शोधपथक त्यांच्यापर्यंत पोहोचलं. रविवारच्या त्या निरोपाला तोवर ४५ तास उलटले होते.

दोन महिने. तपास

अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही, निरोगी आईवडील, सोबत कुत्रासुद्धा मेलेला. अशा वेळी सगळ्यांचं मन ऊन सोडून बाकी सगळीकडे धावलं. परिसरात सोन्याच्या जुन्या खाणी होत्या, म्हणून विषारी वायूचा संशय आला. वीज कोसळली का ते तपासलं. नदीच्या पाण्यात विषारी शेवाळाचा अंश आढळला, तेव्हा तोच मारेकरी ठरल्यासारखं झालं. वनखात्यानं काही वाटा बंद ठेवल्या. एकेक शक्यता पुढे बाद होत गेली.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी शेरीफ जेरेमी ब्रीस यांनी निष्कर्ष जाहीर केला. तिघांच्या मृत्यूचं कारण अतिउष्णता आणि बहुधा अंगातलं पाणी आटणं. कुत्र्याच्या मृत्यूचं कारण निश्चित सांगता आलं नाही, पण उन्हाचीच शक्यता दिसत होती. फोनमधला तो निरोप आणि पाच फोनांची नोंद एफबीआयच्या मदतीनं बाहेर काढली गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकांसमोर आली.

या दोन महिन्यांत एक गोष्ट ठळक दिसली. ऊन माणसाला मारतं हे ठाऊक असूनही आपल्याला पटत नाही. वायू, वीज, विष यांच्यावर विश्वास बसतो. ऊन रोजचं, ओळखीचं, म्हणून संशयितांच्या यादीत शेवटी. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हाही असाच धक्का बसला होता. जमलेल्यांना डोंगर चढायचा नव्हता, फक्त बसायचं होतं.

आपलं घड्याळ

अमेरिकेतल्याच ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहरानं अशा मृत्यूंतून नियम केले. २०१६ पासून पारा १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंशांच्या घरात गेला की शहराच्या डोंगरवाटांवर कुत्र्यांना न्यायला बंदी आहे. २०२१ पासून तीव्र उन्हाचा इशारा असलेल्या दिवशी कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद ठेवायला सुरुवात झाली. पुढे बंदीची वेळ सकाळी नऊवर आणली.

३८ अंश म्हणजे रायपूरचा एप्रिल, आणि मार्चचे शेवटचे दिवससुद्धा. मैदानी भागात पारा किमान ४० वर पोचून नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, किंवा सरळ ४५ झाला, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. तो इशारा माणसांसाठी आहे. कुत्र्यांसाठी आपला इशारा आपणच ठरवायला हवा. तेलीबांधा तलावाच्या काठावर सकाळ-संध्याकाळ कितीतरी लॅब्राडॉर, हस्की दिसतात. चारपदरी रस्त्यांवरचं डांबर सूर्य मावळल्यावरही तासन् तास तापलेलं असतं. हाताची उलटी बाजू सात सेकंद डांबरावर टेकवून पाहा. टेकवत नसेल तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात.

ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ आणि रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या उष्माघाताच्या नोंदी तपासल्या. बंद गाडीत अडकलेल्या कुत्र्यांची चर्चा सगळीकडे होते, पण सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांना उष्माघात झाला तो चालण्या-धावण्यानं. तोही ब्रिटनच्या उन्हाळ्यात. म्हणजे गुन्हेगार निष्काळजी मालकच असतो असं नाही. कुत्र्याला प्रेमानं फिरायला नेणाऱ्याच्याही हातून हे होतं.

म्हणून डोंगरगडच्या बम्लेश्वरीच्या हजाराहून जास्त पायऱ्या असोत की सुट्टीत आखलेली कुठलीही जंगलवाट, बेत उलट्या दिशेनं करावा. परत कधी यायचं ते आधी ठरवा, मग निघायची वेळ. उन्हाळ्यात नऊ वाजता शेवटचा चढ पायाखालून गेलेला असला पाहिजे. वाट आधी उतरत असेल तर निघायची वेळ पहाटेवर न्या, नाहीतर तो बेत हिवाळ्यापर्यंत ठेवून द्या. पाणी माणशी मोजा आणि कुत्र्याला एक माणूस धरा. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून फिरा.

कुत्रा मागे पडू लागला, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय लटपटले, तर फेरी तिथेच संपली. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या पुढे जीव धोक्यात येतो. आधी थंड करा, मग दवाखाना गाठा. असेल ते पाणी अंगभर ओता, वारा घाला. नुसता ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. माणसाच्या उष्माघातातही क्रम हाच, आधी अंग गार करणं, मग उचलणं.

छत्तीसगढच्या शेतकऱ्याला हे सारं कुणी शिकवायला नको. तो पहाटे शेतावर जातो, बोरे-बासी खातो, ऊन चढलं की झाडाखाली येतो आणि त्याचा कुत्रा त्याच्या आधी तिथे येऊन पडलेला असतो. शहरात आपण सुट्टीचा दिवस आपल्या सोयीनं आखतो आणि सूर्यानं तो मान्य करावा अशी अपेक्षा धरतो. मारिपोसाच्या त्या आईवडिलांनी मुलीवर प्रेम केलं, कुत्र्यावर केलं, डोंगरावर केलं. त्या वाटेवर कुणी त्यांना भेटला असता तर त्यानं एवढंच सांगितलं असतं, नदीपाशी थांबा, संध्याकाळी चढा. पुढच्या वेळी वाटेवर बाळ पाठीवर, कुत्रा दोरीवर आणि घड्याळ दहाच्या पुढे गेलेलं असं कुणी दिसलं, तर ओळख नसली तरी थांबवून हे वाक्य सांगावं.